ठसा, शाई आणि गोव्याचा पावसाळा

कार्डांवर चित्रं उमटवायच्या ठशाची शाई दोन प्रकारे वाळते. डाय शाईत रंग पूर्ण विरघळलेला असतो. ती कागदाच्या तंतूंत शिरते आणि तिथेच बसते. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण दाट द्रवात तरंगत असतात. ते कागदाच्या वर थर धरतात आणि ओलावा निघून गेल्याशिवाय घट्ट होत नाहीत. कोरड्या हवेच्या गावात हा फरक फारसा जाणवत नसेल. म्हापशाला जुलैमध्ये मात्र, हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असते आणि कपाटातून काढलेला कागद हाताला गार लागतो, तेव्हा तो पहिल्याच ठशाला कळतो.

यंदाच्या पावसाळ्यात मी ठरवून ठसेकाम शिकायला घेतलं. त्याआधी माझी कार्डं म्हणजे कापलेले कागद, क्विलिंगची फुलं आणि वर जेल पेननं लिहिलेला मजकूर. आता चवथ (गणेश चतुर्थी), दिवाळी आणि नाताळ, तिन्ही सणांची कार्डं ठशांनीच करायची आणि त्यांत इथलं काहीतरी असायलाच हवं, असं मनाशी पक्कं केलं होतं. ऑनलाइन मिळणारे ठसे सुंदर असतात, पण त्यांत ट्यूलिप असतात, पाइनची झाडं असतात, बर्फाचे कण असतात. चवथीच्या कार्डावर मला चिबूड हवा होता.

सगळ्यात आधी मी शाया पारखून घेतल्या, आणि नव्यानं सुरुवात करणाऱ्या कुणालाही मी हेच आधी करायला सांगेन. घरात होते त्या प्रत्येक कागदाच्या पट्ट्या कापल्या: 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) जलरंगाचा कागद, 250 जीएसएमचा गुळगुळीत कार्डस्टॉक, चकचकीत फोटो पेपर आणि थोडा हातकागद. प्रत्येक पट्टीवर एकच छोटं पान वेगवेगळ्या शायांनी उमटवलं, खाली पेन्सिलीनं शाईचं नाव आणि वेळ लिहिली, मग मधूनमधून बोटानं पुसून बघितलं आणि शेवटी एकेक थेंब पाणी सोडलं. बाहेर पावसाची झड लागलेली, खिडक्या बंद.

डाय शाई जलरंगाच्या कागदावर लगेच बसली, पण पाणी पडताच पसरली. पिगमेंट शाई साध्या कार्डस्टॉकवर दुसऱ्या दिवशी सकाळीही बोटाला लागत होती, आणि फोटो पेपरवर तर हीट गननं, म्हणजे खूप गरम हवा सोडणाऱ्या यंत्रानं, गरम करेपर्यंत वाळलीच नाही. डिस्ट्रेस ऑक्साइड ही डाय आणि पिगमेंट यांचं मिश्रण असलेली शाई. ती दमट कागदावर बराच वेळ ओली राहिली, आणि छटा एकमेकींत मिसळायला तेवढा वेळ फार उपयोगी पडतो. हातकागदाच्या खडबडीत पृष्ठभागावर बारीक रेषा तुटत होत्या, म्हणून तो मी ठशाऐवजी कार्डाच्या मागच्या थराला ठेवला. काळ्या शायांची वेगळी पट्टी केली. मेमेंटो या डाय शाईच्या काळ्या ठशावर अल्कोहोल मार्कर फिरवला तर रेष जागची हलत नाही, पण जलरंगाचा कुंचला फिरवला की ती धावते. आर्काइवल शाईची रेष पूर्ण वाळल्यावर पाण्याला दाद देत नाही. काच, प्लास्टिक, धातू यांसाठी स्टेझॉनसारखी सॉल्व्हंटवर आधारलेली शाईच लागते. या पट्ट्या माझ्या टेबलासमोर भिंतीवर लावलेल्या आहेत. कुठल्याही व्हिडिओपेक्षा त्या मला जास्त सांगतात, कारण त्या याच हवेत वाळल्या आहेत.

मग हीट एम्बॉसिंग. याचं तत्त्व सोपं आहे. व्हर्सामार्कसारख्या चिकट, बिनरंगी शाईनं ठसा उमटवायचा, त्यावर एम्बॉसिंग पावडर ओतायची, जास्तीची झटकून परत डबीत घ्यायची आणि हीट गननं गरम करायचं. पावडर वितळते, ठशाच्या रेषा उठावदार आणि चकचकीत होतात. केस वाळवायचा ड्रायर इथे चालत नाही. त्याची हवा पुरेशी गरम नसते आणि तिचा झोत पावडरच उडवून लावतो.

आपल्याकडची अडचण वितळण्याच्या आधीच सुरू होते. पावसाळ्यात कागदानं हवेतला ओलावा घेतलेला असतो, त्यात बोटांचा घाम आणि तेलकटपणा मिसळतो, आणि पावडर ठसा सोडून सगळीकडे चिकटते. पांढरी पावडर गडद कागदावर अशी भुरभुरली की सगळा कागद डागाळतो. यावर माझा ठरलेला क्रम असा झाला: कोरा कागद आधी हीट गननं हलकासा शेकायचा, तो थंड होऊ द्यायचा, त्यावर कण नको तिथे चिकटू न देणाऱ्या अँटी-स्टॅटिक पावडरची पुरचुंडी फिरवायची आणि मगच ठसा. तरीही एखाददुसरा कण राहिला तर कोरड्या बारीक कुंचल्यानं वितळवण्यापूर्वीच उचलायचा. या शेकण्यानं जो फरक पडला तो एखादी महाग पावडर आणूनही पडला नसता. पावडरच्या डब्या झाकण घट्ट लावून, सिलिका जेलच्या पुड्यांसह एका डब्यात ठेवल्या म्हणजे गुठळ्या होत नाहीत.

गरम करताना गन आधी बाजूला धरून तापू द्यावी आणि मग कागदाजवळ न्यावी. दाणेदार पावडर एका क्षणी काचेसारखी गुळगुळीत होते. ती तशी झाली की लगेच पुढे सरकायचं. जास्त वेळ थांबलं तर पावडर कागदात मुरते, उठाव जातो आणि तेलकट डाग दिसतो. पातळ कागद असेल तर मी खालच्या बाजूनं उष्णता देते, त्यानं कागद कमी वाकतो.

एम्बॉसिंग हाताखाली आल्यावर मी ज्याची वाट पाहत होते ते काम सुरू केलं, ते म्हणजे कावी. गोव्यातल्या आणि कोकण किनाऱ्यावरच्या जुन्या देवळांच्या भिंतींवर ही तांबडी-पांढरी चित्रं असतात. मोरजीच्या मोरजाईच्या देवळातली कावी मी लहानपणापासून बघत आले आहे. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या मातीच्या कावेचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच लोखंडी टोकानं खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करायचा, अशी ती पद्धत. म्हणजे पांढरी रेष ही वर काढलेली नसते, आतून आलेली असते.

ठसेकामात एम्बॉस रेझिस्ट नावाचं तंत्र आहे. पांढऱ्या पावडरनं उठवलेल्या रेषा शाई पिऊन घेत नाहीत. त्यांच्यावरून कितीही रंग फिरवा, रेषेवरचा रंग कापडानं पुसला की पांढरं पुन्हा दिसतं. हे पहिल्यांदा करून बघताना माझ्या डोळ्यांसमोर भिंतच आली. क्रम उलटा आहे, कारण कावीत रंग आधी आणि रेष नंतर, इथे रेष आधी आणि रंग नंतर. पण तांबड्यात पांढरी रेष उजळते तो परिणाम दोन्हीकडे सारखाच.

रंग जुळवायला वेळ लागला आणि तो मी आनंदानं दिला. फायर्ड ब्रिक ही डिस्ट्रेस शाई एकटी फारच लाल वाटते. तिच्याखाली रस्टी हिंजचा हात दिला आणि कडांना थोडी विंटेज फोटो ही तपकिरी शाई लावली, तेव्हा जांभ्या दगडाच्या मातीचा रंग उतरला. शाई लावताना ब्रश कागदाबाहेर, चटईवर टेकवून गोल फिरवत आत आणायचा. थेट कागदावर टेकवला तर तिथे गडद ठिपका बसतो आणि तो पुढे मिटत नाही. दमट कागद डाय शाई एका जागी गच्चकन ओढून घेतो, म्हणून इथेही आधी शेकणं आहेच. ऑक्साइड शाई वापरली तर पिगमेंटमुळे रंगाला खडूसारखी मऊ, अपारदर्शक झाक येते. चुन्याच्या भिंतीच्या जास्त जवळ तीच जाते. मात्र ती पांढऱ्या रेषेवर धुरकट थर सोडते, तो किंचित ओल्या मऊ कापडानं पुसावा लागतो. शेवटी बोटांनी थोडं पाणी शिंपडून ते टिपून घेतलं की रंगावर फिकट डाग उठतात आणि भिंत जुनी दिसते.

कमळाची वेल असलेलं असं एक कार्ड टेबलावर वाळत होतं. आईनं चष्मा न लावताच ते उचललं आणि म्हणाली, “गो, ही काव न्हय?” मला त्या महिन्यात एवढं बरं दुसऱ्या कशानंच वाटलं नाही.

माटोळीच्या कार्डांसाठी ठसे कोरायचेच होते. चवथीच्या आदल्या दिवसांत म्हापशाच्या बाजारात माटोळीचं सामान भरतं; गणपतीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीला बांधायची रानातली आणि परसातली फळं, फुलं, पानं. सुपारीचं शिपटं, तोरंजन, कवंडळ, चिबूड, नारळ, आंब्याचे टाळे. मी सामान घरी आणून आधी त्यांची चित्रं काढली. पेन्सिलीनं बटर पेपरवर आकृती काढायची, तो कागद कोरायच्या मऊ रबरी ठोकळ्यावर पालथा ठेवून पाठीमागून घासायचा. चित्र आपोआप उलटं उतरतं, त्यामुळे ठसा कागदावर सुलटा येतो. लहान पानांसाठी साधा खोडरबरही उत्तम. लिनो कटरचं पातं रेषेपासून बाहेरच्या बाजूला उतरतं धरायचं, म्हणजे रेषेच्या पायाशी रबर रुंद राहतं. पातं आत वळलं तर रेष खालून पोखरली जाते आणि दाबल्यावर वाकते. वळण घेताना हात फिरवायचा नाही, ठोकळा फिरवायचा.

कवंडळ कोरताना सगळ्यात मजा आली. ते पिकल्यावर लालभडक होतं, आणि त्याला गोलाई आणण्यासाठी मी ठशावर आधी फिकट नारिंगी शाई लावली, मग ठशाची फक्त कड गडद लाल पॅडवर गोल लोळवून घेतली. एकाच दाबात मधे उजळ आणि कडेला गडद असं फळ उमटतं. इंग्रजीत या तंत्राला रॉक अँड रोल म्हणतात.

माटोळीत सगळं एकमेकांवर टेकलेलं असतं, त्यामुळे इथे मास्किंग लागतं. जे सगळ्यात पुढे दिसायचं ते आधी उमटवायचं. मग तोच ठसा चिकट चिठ्ठीच्या कागदावर, चिकट भाग मागे येईल असा उमटवून कापायचा आणि पहिल्या चित्रावर झाकायचा. त्यावरून मागचं फळ निम्मं कागदावर, निम्मं झाकणावर उमटवायचं. झाकण काढलं की मागचं फळ मागेच राहतं. झाकण कापताना कात्री रेषेच्या किंचित आतून चालवावी. बाहेरून कापलं तर दोन चित्रांच्या मधे पांढरी फट राहते. चिबूड, मग त्याच्यामागे नारळ, मग शिपटं, मग पानं असं मागे मागे जात राहिलं की सपाट कागदाला खोली येते. नुसत्या ठशांनी एवढी खोली येते हे मला या तंत्रानं दाखवलं, आणि म्हणून सगळ्या तंत्रांत ते माझं सगळ्यात आवडतं आहे.

देवनागरी मजकुराचे तयार ठसे फार कमी मिळतात. मी शिक्के बनवणाऱ्या दुकानात गेले. कार्यालयांसाठी बनवतात तो शाई भरलेला फ्लॅश शिक्का आपल्या कामाचा नाही, कारण त्याची शाई आतूनच झिरपते आणि त्यावर दुसरी शाई किंवा एम्बॉसिंग चालत नाही. मागायचा तो साधा पॉलिमरचा शिक्का. निगेटिव्हमधून अतिनील प्रकाश टाकून ते द्रव पॉलिमर घट्ट करतात, आणि हस्तकलेचे पारदर्शक ठसेही बहुतेक याच जातीच्या पॉलिमरचे असतात. मी हँडल न लावता नुसता तुकडा द्या म्हटलं. दुकानदार अवाक. “हँडल नाका? मागीर मारतली कशें?” मी पिशवीतून अ‍ॅक्रिलिकचा ठोकळा काढून त्यांना तो लावून दाखवला, तेव्हा त्यांनी स्वतःच त्यावर शाई घेऊन दोनचारदा मारून बघितलं.

अक्षरं निवडताना शिरोरेषा फार बारीक नको. बारीक रेष ठशात वाकते, आणि जोडाक्षरांतल्या छोट्या पोकळ्या पिगमेंट शाईनं भरून येतात. ‘शुभेच्छा’मधला ‘च्छ’ हा खरा कसोटीचा. मजकुरासाठी मी डाय शाई किंवा आर्काइवल वापरते, आणि ठसा स्टॅम्प पोझिशनरमध्ये बसवते. त्यात झाकणाला ठसा चिकटलेला असतो, कागद चुंबकांनी जागेवर धरलेला, त्यामुळे पहिला दाब अपुरा पडला तर पुन्हा शाई लावून अगदी त्याच जागी दुसरा दाब देता येतो. पावसाळ्यात वाकलेल्या कागदाला चुंबक सपाट धरतात, हा इथला जास्तीचा फायदा. नवा ठसा शाई झटकत असेल, शाईचे थेंब थेंब होत असतील, तर त्यावर खोडरबर हलक्या हातानं घासावा. पृष्ठभाग जरा खरखरीत झाला की शाई सारखी धरते.

भारतातला पहिला छापखाना जुन्या गोव्यात 1556 साली आला. पुढे 1616 साली राचोलला फादर स्टीफन्सचं मराठी ख्रिस्तपुराण छापलं गेलं, ते रोमन अक्षरांत. या भूमीवर छापलेली मराठी कितीतरी काळ आपल्या लिपीत दिसली नाही. म्हापशाच्या दुकानात बनवून घेतलेला ‘चवथीच्या शुभेच्छा’ कागदावर स्वच्छ, काळाभोर उमटला तेव्हा मला हे आठवलं आणि अंगावर काटा आला.

दिवाळीच्या कार्डांवर मी थोडक्यात जाते. प्लास्टिकच्या शीटवर दोन शाया थोपटायच्या, पाणी फवारायचं आणि कागद त्यावरून ओढायचा. पार्श्वभूमीला सांजवेळेचं आकाश मिळतं. त्यावर सोनेरी पावडरनं आकाशकंदील. हे सोपं आहे, लवकर होतं, आणि मुलांना हाताशी घेऊन करता येतं.

नाताळच्या कार्डांसाठी मात्र मी पुन्हा रमले. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात जॉर्ज कोलासो यांनी 1935 साली रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या आझुलेजो फरशांच्या भिंती आहेत. तिथे उभं राहून नीट बघितलं तर निळा एकच, पण तो कुठे घट्ट, कुठे पाणीदार. हेच ठशात एका पॅडवर साधतं. शाई लावून पहिला ठसा रद्दी कागदावर मारायचा आणि पुन्हा शाई न लावता दुसरा कार्डावर. फिकट छटा मिळते. मग त्याच निळ्याचा भरगच्च ठसा तिच्या शेजारी. हलका आधी, गडद नंतर.

फरशीच्या नक्षीसाठी पूर्ण फरशी कोरायची गरज पडली नाही. मी फक्त एका कोपऱ्याची नक्षी कोरली, चौरस कागद पोझिशनरच्या कोपऱ्यात टेकवला, एक दाब दिला, कागद काटकोनात फिरवला, पुन्हा दाब. चारही कोपरे झाले की मधे फूल आपोआप जुळतं. कागद अगदी काटेकोर चौरस हवा. एका बाजूला मिलिमीटर जास्त झाला तरी पाकळ्या सरकतात.

फरशीची चकाकी आणायला वर पारदर्शक एम्बॉसिंगचा थर दिला. त्याआधी निळी शाई हीट गननं पूर्ण वाळवणं अत्यावश्यक आहे, नाहीतर व्हर्सामार्कचा पॅड थेट कागदावर थोपटताना निळा रंग पॅडमध्ये उचलला जातो. वाळलेल्या नक्षीवर पॅड सगळीकडे थोपटायचा, पावडर टाकायची, वितळवायची, आणि गरम असतानाच दुसरा थर द्यायचा. दोन थरांनंतर तो कागद बोटाला खरोखर झिलई दिलेल्या फरशीसारखा लागतो.

डिसेंबरपर्यंत इथली हवाही बदललेली असते. तेच ऑक्साइड जुलैपेक्षा लवकर वाळतं, म्हणून छटा मिसळताना हात थोडा भराभर चालवावा लागतो; पिगमेंटचा ठसा आता त्याच दिवशी पाकिटात घालता येतो. शायांचे पॅड मी पालथे ठेवते, म्हणजे शाई वरच्या कापडाकडे राहते. पारदर्शक ठसे उन्हापासून दूर ठेवते, कारण ते पिवळे पडतात. कोरे कागद हवाबंद डब्यात सिलिका जेलसह असतात, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात त्यांवर बुरशीचे तपकिरी ठिपके येतात.

शेजारच्या आंटीला निळ्या फरशीचं कार्ड दिलं. तिनं ते तिच्या दारावरच्या नावाच्या फरशीशेजारी धरून बघितलं आणि पुढच्या वर्षी तिच्या दाराची नक्षी कोरशील का, असं विचारलं. तिच्या फरशीच्या कडेला द्राक्षांची वेल आहे. तिचा कागदी छाप मी घेऊन आले आहे. वेलीचं वळण कोपऱ्यात कसं बसवायचं ते अजून जुळवते आहे.